अ‍ॅक्रोमेगॅली आणि दर अठ्ठाविसाव्या दिवसाचं इंजेक्शन

वाईची_लेक

नमस्कार. दीड वर्ष इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मला हा आजार, म्हणजे वाढीचं संप्रेरक जास्त सुटून हातपाय आणि चेहरा मोठा होणं, निघाला तेव्हा मराठीत शोधून काही म्हणजे काही हाती लागलं नव्हतं. इंजेक्शनबद्दल तर एक ओळही नाही. म्हणून सविस्तर लिहिते, आणि शेवटी एक अडचणही विचारायची आहे.

वय ४३, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चुलतबहिणीच्या लग्नाला हिरव्या बांगड्या भरायला कासारमामा घरी आले होते. माझ्या लग्नातला चुडा त्यांनीच भरलेला. त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिला आणि तसाच धरून बसले. म्हणाले, "बाई, तुम्हाला दोन-चार बसायची. मागच्या संक्रांतीला दोन-सहा भरली. आज दोन-आठसुद्धा साबणाशिवाय चढेना. अंगानं तर तुम्ही होता तेवढ्याच आहात. हे हाडच वाढलंय."

त्याआधी चार वर्षं मी दवाखाने फिरत होते. हात रात्री बधिर व्हायचे, फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की खडू सुटायचा. त्याला मनगटातली नस दबल्याचं निदान. घोरणं वाढलं, त्याला वजन कारण. पौषातल्या थंडीत ब्लाउज घामाने भिजायचा, त्याला पाळी जायचं वय कारण. बीपी आणि साखर वाढली, ती आईकडून आली म्हणे. जोडवी सोनाराकडे जाऊन कापून काढावी लागली. चप्पल सहा नंबरची आठ झाली. खालच्या दातांत फटी पडल्या. प्रत्येक डॉक्टरांनी आपापला तुकडा नीट पाहिला, पण तुकडे जोडले ते कासारमामांनी. हे मी भाबडेपणाने लिहीत नाही, खरंच तसं झालं. त्यांचं बोलणं मी आमच्या फिजिशियनना जसंच्या तसं सांगितलं आणि त्यांनी लगेच विचारलं, "लग्नातला फोटो आहे का मोबाइलमध्ये?" फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरून ते मिनिटभर बघत राहिले.

रक्तातलं आयजीएफ-१, म्हणजे वाढीच्या संप्रेरकामुळे शरीरात तयार होणारा पदार्थ, निघालं ८९०. माझ्या वयाला त्या लॅबची वरची मर्यादा २५० च्या आसपास होती. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. निरोगी माणसात साखर प्यायल्यावर वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, १ नॅनोग्रॅमच्या खाली उतरतं. माझं उतरलं नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी, पियुषिका ग्रंथीत, १८ मिलिमीटरची गाठ दिसली. कॅन्सरची नव्हे, साधी. पण रात्रंदिवस वाढीचं संप्रेरक सोडणारी.

पुण्यात नाकातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. गाठीचा थोडा भाग मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीला चिकटलेला, तो सोडावा लागला. तीन महिन्यांनी आयजीएफ-१ ५२०. तेव्हापासून ऑक्ट्रिओटाइड या संप्रेरक दाबणाऱ्या औषधाचं डेपो इंजेक्शन (महिनाभर हळूहळू सुटणारं) सुरू आहे, दर अठ्ठावीस दिवसांनी, कमरेखाली कुल्ल्यात. आधी २० मिलिग्रॅम, तीन डोसनंतर आयजीएफ-१ ३४० वर आलं, मग डोस ३० केला.

आता अडचण. ३० चा दुसरा डोस गावाजवळच्या एका दवाखान्यात घेतला. तिथल्या मुलीने बाटली खोकल्याचं औषध हलवतात तशी जोरात हलवली, मग फोन आला म्हणून भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून गेली. परत येऊन टोचली तर सुई अडकली. दुसरी सुई लावली, तीही अडकली. निदान तिसरा भाग तरी सिरिंजमध्येच राहिला. "गेलं बऱ्यापैकी," एवढंच ऐकवलं. दर महिन्याला पाच आकडी रक्कम मोजून आणलेलं औषध. घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसून रडले. पंधरा दिवसांनी घाम आणि डोकेदुखी परत. तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का? अशा वेळी काय करायचं?

इंद्रायणीकाठ

ताई, वाचून वाईट वाटलं. एक भाबडी शंका: गाठ काढली ना, मग इंजेक्शन कशासाठी? आणि किती दिवस?

वाईची_लेक

दादा, गाठ १० मिलिमीटरपेक्षा लहान असली तर बहुतेकांचं शस्त्रक्रियेतच काम होतं. मोठ्या गाठींत निम्म्याच्या आसपास लोकांना नंतर काही ना काही उपचार लागतात, कारण रोहिणीजवळचा भाग कापणं जिवावरचं असतं. उरलेली गाठ संप्रेरक सोडतच राहते. इंजेक्शन तिला गप्प बसवतं, मारून टाकत नाही. त्यामुळे थांबवलं की बहुतेक वेळा ती परत सुरू होते. किती दिवस, याचं उत्तर माझ्या डॉक्टरांनी "वर्षांत मोजा" असं दिलं.

वैद्यकीतला

मी अंतःस्रावशास्त्रात, म्हणजे संप्रेरकांच्या आजारांत, काम करतो. ताईंनी फार नेमकं लिहिलंय, त्यात थोडी भर घालतो.

या औषधाची गोष्ट १९७३ ची. अमेरिकेत रॉजर गीयमँ यांच्या प्रयोगशाळेत मेंढीच्या मेंदूतल्या अर्कात वाढीचं संप्रेरक वाढवणारा पदार्थ शोधत होते. हाती लागला तो नेमका उलटा, ते संप्रेरक दाबणारा. त्याचं नाव सोमॅटोस्टॅटिन. १९७७ च्या नोबेलमध्ये गीयमँ आणि अँड्र्यू शॅली यांचा वाटा होता. पण सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे औषध म्हणून निरुपयोगी. त्याच्या साखळीत १४ अमिनो आम्लं असतात. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी त्यातला कामाचा भाग धरून ८ अमिनो आम्लांची साखळी बनवली, तीच ऑक्ट्रिओटाइड. ती निम्मी व्हायला दीड-एक तास लागतो, त्यामुळे सुरुवातीला रुग्णाला दिवसातून तीनदा कातडीखाली टोचून घ्यावं लागे. पुढे तेच औषध जखमेला घालतात त्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत कोंडलं आणि महिन्याचं डेपो तयार झालं. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

हे कळलं की डेपोचं वागणं कळतं. टोचल्यावर पहिल्या तासात थोडं औषध सुटतं, मग आठवडाभर रक्तात जवळपास काही नसतं. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पातळी वर येते आणि दोन-तीन आठवडे टिकते. तीन डोस झाल्यावर एकावर एक थर बसून ती स्थिरावते. म्हणून पहिल्या इंजेक्शननंतर दहा दिवसांनी "काही फरक नाही" म्हणून निराश होऊ नका. आणि आयजीएफ-१ तिसऱ्या डोसनंतर, पुढचं इंजेक्शन घेण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी तपासा. मधेच कधीतरी केलेल्या तपासणीवरून डोस ठरवता येत नाही. लॅबही शक्यतो बदलू नका, दोन लॅबांचे आकडे जुळत नाहीत.

अर्धा डोस गेला असेल तर स्वतःहून लवकरचं दुसरं इंजेक्शन घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. कधी ते पुढची तारीख अलीकडे ओढतात, कधी मधल्या काळासाठी तीनदा टोचायचं साधं ऑक्ट्रिओटाइड देतात. आणि फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर पुढचा वाढलेला आकडा बघून कुणीतरी औषधच लागू पडत नाही असं ठरवून मोकळं होईल.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, अशी इंजेक्शनं बरीच दिलीत. ताई, तुमच्या पोस्टमधली ती सुई डोळ्यांसमोर आली. चूक औषधाची नव्हती.

बाटली फ्रिजमधून काढून निदान अर्धा तास बाहेर ठेवायची. गार औषध नीट भिजत नाही. कोमट पाण्यात नको, उन्हात तर नकोच, ओट्यावर नुसती ठेवायची. मग बाटली टेबलावर हलकेच टिचकायची म्हणजे भुकटी तळाशी बसते. सोबतच्या सिरिंजमधलं द्रावण बाटलीच्या आतल्या भिंतीवरून हळू सोडायचं, भुकटीवर पिचकारी मारायची नाही. आणि मग हात बाजूला. दोन ते पाच मिनिटं बाटलीला स्पर्शही नाही. मी घड्याळ बघत उभी राहते. भुकटी पूर्ण ओली झाली, काठाला कोरडं काही उरलं नाही, की बाटली हळू गोल फिरवायची. दुधासारखं एकजीव दिसलं पाहिजे. जोरात हलवलं की गुठळ्या होतात.

एकदा दूध झालं की थांबायचं नाही. त्याच क्षणी सिरिंजमध्ये ओढायचं, सुई बदलायची, टोचायचं. ते मिनिटभर जरी ट्रेमध्ये राहिलं तरी गोळ्या खाली बसतात आणि सुई चोंदते. तुमच्या वेळी नेमकं तेच झालं. म्हणून रुग्ण आधी पालथा झोपवून, जागा पुसून, मगच मी बाटलीला हात लावते. एका महिन्यात उजवी बाजू, पुढच्या महिन्यात डावी. दंडात कधीच नाही.

एक सुचवते. पुढच्या वेळी दवाखान्यात शिरतानाच विचारा, "सिस्टर, हे तुम्ही आधी दिलंय का?" विचारायला लाजू नका. खोक्यातली माहितीपत्रिका उघडून द्या. राग येणारी सिस्टर असेल तर दुसरीकडे जा.

वाईची_लेक

सिस्टर, तुमची पोस्ट छापून फाइलला लावलीय. त्या दिवशी मला एवढं जरी माहीत असतं तर मी तिला फोन घेऊ दिला नसता.

डॉक्टर, तुम्ही म्हणता तसं झालं. माझा पुढचा आकडा ३९० आला आणि दुसऱ्या मतासाठी गेले तिथे पहिलं वाक्य "औषध बदलावं लागेल" हेच होतं. सुईची हकीकत सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. मला २०१६ मध्ये निदान झालं, तेव्हापासून लॅनरिओटाइड या त्याच जातीच्या इंजेक्शनवर आहे. हे भरलेल्या सिरिंजमध्येच येतं, कालवाकालव नाही. घट्ट जेल असतं, कातडीखाली खोल टोचायचं, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात. चिमटीत कातडी पकडायची नाही, ताणून धरायची, आणि वीसेक सेकंद लावून सावकाश ढकलायचं. सुई जाड आहे, खोटं बोलणार नाही. पहिल्या वर्षी नर्स द्यायची, मग बायको शिकली. तिचा हात आता माझ्यापेक्षा स्थिर आहे. टोचल्या जागी सुपारीएवढी गाठ महिनाभर राहते, घाबरायचं कारण नाही. माझं आयजीएफ-१ दोन वर्षं स्थिर राहिल्यावर डॉक्टरांनी १२० मिलिग्रॅमचं अंतर चार आठवड्यांवरून सहा आठवडे केलं. हे प्रत्येकाला जमत नाही, पण विचारून बघावं.

इथे आता गोळ्यासुद्धा आल्यात. ऑक्ट्रिओटाइडच्या कॅप्सूलला २०२० मध्ये मान्यता मिळाली, उपाशीपोटी दोनदा घ्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅल्टुसोटिन नावाची दिवसातून एकदाची गोळी मान्य झाली. मी अजून इंजेक्शनवरच आहे, घडी बसलीय ती मोडवत नाही.

विदर्भवासी

इंजेक्शनचे दुष्परिणाम कोणी लिहिले नाहीत म्हणून लिहितो. भावाला पहिल्या दोन महिन्यांत इंजेक्शननंतर तीन-चार दिवस पोटात मुरडा आणि पातळ, तेलकट शौच. तेवढे दिवस तर्रीचा रस्सा बंद ठेवला, वरण-भातावर राहिला, तिसऱ्या महिन्यापासून सुधारलं. पण दीड वर्षाने सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. हे औषध पित्ताशयाचं आकुंचन मंदावतं, पित्त साचून राहतं, असं नंतर समजलं. त्रास नाही म्हणून काढले नाहीत. केसही गळाले.

वैद्यकीतला

बरोबर. दरवर्षी पोटाची सोनोग्राफी बऱ्याच ठिकाणी करतात, निदान पोटात दुखलं तर नक्की करावी. ब१२ घसरू शकतं, तेही बघावं. नाडी मंदावते, बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आठवण करून द्या. मधुमेहींची साखर दोन्ही दिशांना जाऊ शकते.

ज्यांना ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड पुरेसं पडत नाही त्यांच्यासाठी पॅसिरिओटाइड आहे. ते जास्त प्रभावी ठरू शकतं, पण साखर वाढवतं, कधी बरीच. पेगव्हिसोमंट हे वेगळ्या जातीचं. ते गाठीकडे ढुंकूनही बघत नाही, शरीरात संप्रेरक जिथे जाऊन लागतं ती कुलपंच अडवून ठेवतं. ते साधारणपणे रोज टोचायचं असतं आणि त्यावर असताना ग्रोथ हार्मोन मोजण्यात अर्थ नसतो, फक्त आयजीएफ-१ बघायचं. आकडा थोडासाच वर असेल तर कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी भागतं, आणि त्या खूपच स्वस्त. रेडिएशनचा गुण यायला वर्षं लागतात, तोवर इंजेक्शन चालूच ठेवावं लागतं.

आणि नुसत्या औषधावर नजर ठेवून चालत नाही. निदानानंतर एकदा मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, हृदयाचा इको, झोपेतल्या श्वासाची तपासणी व्हायलाच हवी. या आजारात माणूस दगावतो तो बहुधा हृदयामुळे किंवा श्वासामुळे, गाठीमुळे क्वचित.

सागरगोटा

आयुर्वेदात यावर काही आहे का? इतकी महागडी सुई आयुष्यभर घेण्यापेक्षा?

वाईची_लेक

सागरगोटाताई, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. माझ्या सासूबाईंनी ओळखीच्या वैद्यांना विचारलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "सांधेदुखीला तेल देतो, पण इंजेक्शन एक दिवसही चुकवू नका." त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. या आजारात आकडा वर असतो तोवर हृदय आणि सांधे रोज थोडे थोडे बिघडत असतात, दुखत नसलं तरी. प्रयोग करायला माझ्याकडे वर्षं नाहीत.

खर्चाचं विचारलंत म्हणून सांगते. शस्त्रक्रियेचे पैसे मेडिक्लेमने दिले. इंजेक्शनला मात्र "रुग्ण दाखल नव्हता" म्हणून नकार. तीन वेळा पत्रव्यवहार केला. शेवटी नवऱ्याने दुचाकी विकली. भारतीय कंपनीचं डेपो घ्यायला लागल्यापासून खर्च बराच उतरला, पण तेही डॉक्टरांना विचारून आणि बदलल्यावर आयजीएफ-१ परत बघून. सरकारी रुग्णालयात महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र बसतात, शस्त्रक्रियेच्या आधी त्यांच्याकडे नक्की जा. मुंबईच्या केईएममध्ये अंतःस्रावशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे या आजाराचे रुग्ण रोजचे आहेत. महिन्याला एकच रुग्ण बघणाऱ्यापेक्षा तिथली रांग परवडली.

एक घरगुती गोष्ट. औषध पुण्याहून एसटीने आणते. थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या, त्यावर रुमालाची घडी आणि मग खोकं, म्हणजे औषध बर्फाला थेट टेकत नाही. ते गोठलं तर वाया जातं. घरच्या फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवत नाही, मधल्या फळीवर, दुधाच्या पातेल्यामागे. लाइट गेली की मुलगा आधी वेळ लिहून ठेवतो.

आंबोलीचा_पाऊस

हा धागा दोनदा वाचला. आमच्या बाबांचं (५८) नाक आणि हनुवटी गेल्या काही वर्षांत मोठी झालीय असं आम्हाला वाटतं. आवाजही घोगरा झालाय. बाबा म्हणतात वयाने होतं. त्या कुस्तीवाल्या खलीचं उदाहरण दिलं तर चिडले, म्हणाले मी काय राक्षस दिसतो? गावच्या लॅबमध्ये ग्रोथ हार्मोनची तपासणी केली, नॉर्मल आली. मग सोडून द्यायचं का?

वैद्यकीतला

सोडू नका. ग्रोथ हार्मोन दिवसभरात लाटांसारखं वरखाली होतं, एका वेळच्या नमुन्यावरून काहीच ठरत नाही. आयजीएफ-१ तपासा, ते स्थिर असतं. ते वयाच्या मानाने वाढलेलं निघालं तर ग्लुकोजची चाचणी आणि एमआरआय.

आणि बाबांना खलीचं उदाहरण देऊ नका. हाडांची टोकं जुळण्याआधी, कोवळ्या वयात हा आजार झाला तर उंची वाढते. खलीची गाठ २०१२ मध्ये अमेरिकेत काढली होती. वाढ थांबल्यावर झाला तर उंची तेवढीच राहते, हातपाय आणि चेहरा रुंदावतो. पॅरिसच्या पिएर मारी यांनी १८८६ मध्ये आजाराला नाव दिलं तेही टोकाचे अवयव मोठे होणे याच अर्थाचं. बाबांना एवढंच विचारा, दहा वर्षांपूर्वीची अंगठी आज बसते का.

आंबोलीचा_पाऊस

अंगठी पेटीत ठेवलीय, बसत नाही म्हणून. आई आत्ताच म्हणाली. सोमवारी रक्त देतोय.

वाईची_लेक

आंबोलीचा पाऊस, बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि डोळ्यांचीही तपासणी करून घ्या, बाजूने येणारी गाडी दिसत नाही असं कधी म्हणालेत का ते विचारा. गाठ वर वाढली तर डोळ्यांच्या नसांवर दाबते आणि कडेचं दिसणं जातं, समोरचं नीट दिसत असल्यामुळे माणसाला कळतही नाही.

माझी खबर देते. त्या फसलेल्या डोसनंतर चार इंजेक्शनं सातारच्या एका सिस्टरकडे घेतली. "रात्रपाळी" यांनी लिहिलंय तशीच देते ती, बाटली ठेवून हाताची घडी घालून उभी राहते. परवाचा आयजीएफ-१ २३६ आला, पहिल्यांदा मर्यादेच्या आत. घाम थांबलाय. घोरणं नवऱ्याच्या मते निम्मं. चेहऱ्याची सूज उतरली, नाकाचं आणि जबड्याचं हाड मात्र जसं आहे तसंच राहणार, ते मला सांगितलं गेलं होतं. शाळेत मुलांना फळ्यावर पाढे पूर्ण लिहून दिले, खडू सुटला नाही.

कासारमामांना घरी बोलावलं होतं. दोन-आठ साबणाशिवाय चढली. त्यांनी दोन-सहाही काढून बघितली, ती अंगठ्याच्या हाडाशी अडली. "राहू दे," म्हणाले, आणि दोन-आठचा डझन भरला.

पुढचा डोस गुरुवारी आहे. औषध दुधाच्या पातेल्यामागे आहे.